लाज आणि जीव
(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या झरी येथील वार्षिक मेळाव्यात, महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस ‘स्त्रियांचे आरोग्य’ असा मोघम विषय दिला होता. मोघम विषयावर मोघम बोलणे सोपे असते. परंतु ज्या दुखण्याचे नाव आपल्या घरांत चार माणसांत उच्चारले जात नाही, त्याविषयीच आज बोलावे असे आम्ही ठरविले आहे. ते दुखणे म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग. आपल्या बोलीत, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर.

आमच्या थोरल्या आत्याबाईंची पाळी जाऊन सहा वर्षे लोटली होती. पुन्हा अंगावरून जाऊ लागले, तेव्हा दीड वर्ष त्यांनी ते कोणास कळू दिले नाही. घरात आम्ही शिकलीसवरली माणसे होतो. पण आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. निदान झाले तेव्हा रोग पिशवीपलीकडे पसरला होता. ‘परक्या पुरुषापुढं कसं सांगावं, म्हणून राहिलं,’ एवढेच त्या म्हणाल्या. ते शब्द आजही आमच्या मनातून जात नाहीत.

या रोगाइतकी सवड देणारा कर्करोग क्वचितच असेल. एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूपासून तो होतो. हा विषाणू बहुतेकींच्या शरीरातून आपोआप निघून जातो. काही जणींत तो ठाण मांडून बसतो, आणि त्यापासून कर्करोग होण्यास बहुधा पंधरा-वीस वर्षे लागतात. या अवधीत तपासणी झाली, तर दोष थोड्या वेळाच्या उपचाराने काढून टाकता येतो. तरीही २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात आपल्या देशातील सुमारे ऐंशी हजार स्त्रिया या रोगाने दगावल्या.

तपासणीने खरोखर जीव वाचतात काय, याचा पुरावा आपल्या मराठवाड्यातच मिळाला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली डॉ. शंकरनारायणन, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र व बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांनी तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या गटासाठी एच.पी.व्ही.ची एकच तपासणी योजिली होती, त्यात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच मोठ्या, केवळ माहिती दिलेल्या गटात ६४ झाले. कापूस वेचणाऱ्या, भाकऱ्या थापणाऱ्या आपल्यासारख्याच बायांनी जगाला हा धडा दिला.

त्या अभ्यासात नमुना आरोग्यसेविका घेत असत. आता त्यापुढचे पाऊल पडले आहे. मऊ टोकाची काडी किंवा छोटा ब्रश योनिमार्गात घालून, हलकेच फिरवून, स्त्रीने स्वतःच नमुना घ्यावा आणि नळीत घालून द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात ही रीत मान्य केली. ऑस्ट्रेलियाने २०२२ पासून तपासणीस पात्र अशा प्रत्येक स्त्रीस ती मोकळी केली. योग्य प्रयोगशाळा-पद्धती वापरल्यास असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या तोडीचा ठरतो. आपल्या सरकारी केंद्रांतून मात्र अद्याप मुख्यतः औषध लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी होते.

मेळाव्यापूर्वी आम्ही येथील काही घरी गेलो. एक मावशी म्हणाल्या, ‘डॉक्टरापुढं निजायचं म्हंजी जीव जातो बाई. आपलं आपल्याला करता येत असंल तर करू की.’ त्यांच्या सूनबाईंनी लगेच विचारले, ‘पण मला नीट जमलं का, हे कोण सांगणार?’ तिसरीने दाराकडे पाहून हळूच विचारले, ‘दोष निघाला तर घरचे काय म्हणतील?’

या तीनही प्रश्नांत अडाणीपणा नाही, शहाणपण आहे. पहिल्या बाईला तपासणी नकोशी नाही, अवमान नकोसा आहे. दुसरीस उत्तर असे की, परिचारिकेने एकदा नीट समजावले तर हे साधते. आणि नमुना अपुरा असल्यास बहुतेक वेळा प्रयोगशाळेत कळते व पुन्हा घेता येतो. तिसरीचा प्रश्न मात्र आपणा सर्वांना आहे. हा विषाणू विवाहित स्त्री-पुरुषांत इतका सर्रास आढळतो की, तो कधी व कोणाकडून आला हे सांगता येत नाही. तो वर्षानुवर्षे निजून राहू शकतो. म्हणून तपासणीचा कागद हा शीलाचा दाखला नव्हे. त्या कागदावरून सुनेस बोल लावणारे घर तिला पुढच्या उपचारापासून दूर लोटते, हे सासूबाईंनी आणि बंधूंनी ध्यानात धरावे.

आणखी एक सावधगिरी सांगतो. काडीने दोष दिसतो, बरा होत नाही. दोष निघाल्यास डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. आणि जिला पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाते, किंवा संबंधानंतर रक्त दिसते, तिने कोणत्याही काडीची वाट न पाहता तत्काळ दवाखाना गाठावा. आमच्या आत्याबाईंना एवढेच कोणी सांगितले असते तर!

म्हणून आमची संस्थेस एक विनंती आहे. आपला शिक्षणनिधी आहे, वधू-वर सूचक मंडळ आहे. तसाच एक लहानसा निधी असावा. ज्या भगिनीस पुढील तपासणीसाठी परभणी, बार्शी वा मुंबईस जावे लागेल, तिचे गाडीभाडे त्यातून द्यावे आणि सोबत एक जाणती बाई द्यावी. नाव गुप्त राहावे. आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने या वर्षी आशाताईंना एकदा विचारावे : ‘आमची तपासणी कधी?’

लाज हा आपल्या घरांचा अलंकार आहे असे आपण म्हणत आलो. अलंकार जिवंत माणसाच्या अंगावर शोभतो.