खाऱ्या पाण्याचे बुडबुडे

साबणानं पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, हे आपण शाळेत शिकलो. मीठ मात्र नेमकं उलट करतं. मिठानं पृष्ठताण वाढतो. फार नाही, समुद्राच्या पाण्यात एक-दीड टक्का.

मीठ विरघळलं की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे विद्युतभारित कण होतात. त्यांना चहूबाजूंनी पाण्याच्या रेणूंचा वेढा हवा असतो. अगदी पृष्ठभागावर वरच्या अंगाला नुसती हवा, म्हणून ते जरा खालीच राहतात. लार्स ऑन्सागर आणि निकोलस समारास यांनी १९३४ साली याचं गणित मांडलं. आयोडाइडसारखे मोठे कण मात्र खुशाल वर येतात, हे पुढे २००० नंतरच्या अभ्यासांतून दिसलं.

एक-दीड टक्क्यानं काय बिघडतं, असं वाटेल. पण मिठाची खरी करामत बुडबुड्यांत आहे. दोन बाटल्या अर्ध्या भरा, एकीत दोन-तीन चमचे मीठ विरघळवा आणि दोन्ही जोरात हलवा. साध्या पाण्यातले बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि झटकन वर जाऊन फुटतात. खाऱ्या पाण्यात ते बारीकच राहतात, पाणी क्षणभर धुरकट दिसतं. म्हणजे मीठ बुडबुड्यांना एकत्र येऊ देत नाही. गंमत अशी, की सगळेच क्षार हे करत नाहीत, आणि का करत नाहीत यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. किनाऱ्यावर बराच वेळ टिकणारा जाड फेस मात्र एकट्या मिठाचा नव्हे. त्याला पाण्यातले सेंद्रिय पदार्थ लागतात.

लाट फुटली की असे असंख्य बारीक बुडबुडे वर येऊन फुटतात. प्रत्येक जण फुटताना खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार हवेत उडवतो. पाणी सुकतं, मीठ तरंगत राहतं. मीठ ओलावा ओढून घेतं, हे पावसाळ्यात आपली मिठाची बरणी सांगतेच. हवेतल्या या कणांभोवतीही बाष्प जमतं आणि ढगाचा थेंब तयार होतो. समुद्रावरच्या ढगांना असं बी पुरवणाऱ्यांत मीठ महत्त्वाचं.

जे कण वर जात नाहीत, ते वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर येतात. कोकणात खिडकीच्या गजांना लवकर गंज चढतो तो यामुळेच. विजेच्या खांबांवरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवरही हा थर बसतो. दमट हवेत तो ओला झाला की वीज त्यावरून वाट काढू शकते. म्हणून समुद्राजवळचे इन्सुलेटर अधूनमधून धुवावे लागतात, आणि धुवायला पाणी लागतं ते गोडं.