काळी लघवी आणि एक नोंद



मी संगणकातली, डॉक्टर नव्हे. पण आपल्यातले कितीतरी जण आज जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळांत शिकवतात, म्हणून घरातली गोष्ट सांगते.

आपण आठवीत होतो तेव्हा माझ्या धाकट्या भावाला हिवताप झाला. गोळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी काळी, डोळे पिवळे. कुणी कावीळ म्हणालं, कुणी भगताकडे न्या म्हणालं. गोळ्या थांबल्या, तो वाचला. कारण कळलं वीस वर्षांनी, रक्ततपासणीत. जी-सिक्स-पीडी हे विकर त्याच्या रक्तात कमी आहे.

हे विकर तांबड्या पेशींना सांभाळतं. ते कमी असलं तरी माणूस एरवी ठणठणीत असतो. पण व्हायवॅक्स हिवतापात यकृतात दडलेले जंतू मारायला १४ दिवस प्रायमाक्वीन देतात, तेव्हा अशांच्या पेशी फुटतात. दोष एक्स गुणसूत्रावरचा, म्हणून मुलग्यांत जास्त.

गोळी वाईट नाही. तिच्याशिवाय ताप पुन्हा उलटतो. म्हणून मनाने बंद करू नका. पण लघवी काळी दिसली, तर पुढची गोळी न देता मुलाला त्याच दिवशी पतंगशहा कुटीर रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या.

आणि दोष सापडला, तर मुलाच्या आरोग्यपत्रिकेवर ठळक लिहा. आमच्या कामात नोंद राहिली नाही की तीच चूक पुन्हा होते. माझ्या भावाची नोंद कुठेच नव्हती.