आधी तिकीट की आधी खोली?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बोलावयाचे म्हणजे एखादा थोर विषय घ्यावा, अशी रीत आहे. मी मात्र आज आपल्या नित्याच्या व्यवहारातला एक प्रश्न घेतला आहे. सुटीत बाहेरगावी जावयाचे ठरले, की घराघरांत वाद सुरू होतो. आधी गाडीचे किंवा विमानाचे तिकीट काढावे, की आधी राहावयाची खोली पक्की करावी? प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु त्यात खर्ची पडणारा पैसा आपण भिशीतून, भाजीपाल्याच्या हिशेबातून वर्षभर बाजूस काढलेला असतो. तेव्हा त्याचा विचार आपण गृहिणींनी करावा, हे योग्यच आहे.

याचे उत्तर आपल्या घरच्या कार्यांतच सापडते. लग्न ठरले, की पूर्वी आधी मुहूर्त काढीत आणि मग मांडवाच्या तयारीला लागत. आता कार्यालय ज्या दिवशी मोकळे असेल, त्या दिवसांतला मुहूर्त गुरुजींकडे मागावा लागतो. का? तर मुहूर्त पुष्कळ, आणि कार्यालये थोडी. जी गोष्ट दुर्मिळ, ती तारीख ठरविते. आणि जी तारीख ठरविते, ती आधी पक्की करावी. प्रवासालाही हाच नियम लावून पाहू.

आपल्या मीरा-भाईंदरमध्ये कोकणातली घरे पुष्कळ. गणपतीला गावी जाणाऱ्यांना राहण्याची चिंता नसते. घर आपलेच, चूल आपलीच. तेथे तिकीट हीच दुर्मिळ वस्तू. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवस आधी उघडते, व त्यात प्रवासाचा दिवस धरीत नाहीत. म्हणून पंचांगात चतुर्थी पाहिली, की लगेच मागे ६० दिवस मोजून कालनिर्णयावर खूण करावी. त्या दिवशी सकाळी आठ वाजता घरातला एक जण दुसरे काहीही न करता फोनपाशी बसलेला असावा. आपल्याकडून बोरिवली किंवा वसई गाठणे सोपे. वांद्र्याहून बोरिवली-वसईमार्गे मडगावला जाणारी गाडी २९ ऑगस्ट २०२४ रोजी सुरू झाली, त्यामुळे पुष्कळांची दादर-ठाण्याची ओढाताण वाचली. परंतु ती आठवड्यातून दोनच दिवस सुटते. म्हणजे त्या गाडीने जावयाचे, तर तारीख आपण ठरवीत नाही, गाडी ठरविते. तेथे आधी तिकीट, मग खोली.

विमानाची गोष्ट थोडी निराळी आहे. मुंबईहून गोव्याला एका दिवसात अनेक विमाने जातात. जागा मिळते, प्रश्न भाड्याचा असतो. सुटीचे दिवस जवळ येतील तसे भाडे बहुधा चढत जाते, आणि एकदा काढलेले स्वस्त तिकीट रद्द केले तर हाती फारसे काही उरत नाही. उलट पुष्कळ ठिकाणी खोली अशा अटीवर मिळते, की अमुक तारखेपर्यंत रद्द केली तर पैसे परत. तेव्हा येथे मी असे करते: आधी विमानाचे भाडे नुसते पाहून ठेवते, मग पैसे परत मिळण्याच्या अटीवर खोली धरते, आणि त्याच बैठकीत, दुसऱ्या दिवसावर न टाकता, तिकीट काढते. खोली सुटली तरी चालते. तिकीट सुटता कामा नये.

काही ठिकाणी तिकीट आणि खोली दोन्ही मागे राहतात. ताडोब्याला जावयाचे असेल, तर आधी जंगलात जाण्याचा परवाना हवा. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते. परवाना ज्या दाराचा मिळेल, त्या दाराजवळ खोली शोधावी, आणि मग नागपूरचे तिकीट काढावे. क्रम उलटला, तर खोली एका टोकाला आणि वाघ दुसऱ्या टोकाला!

हे मी इतके का सांगते? आपल्यापैकीच एका भगिनीच्या घरी घडलेली गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. तिच्या सासूबाईंचे वय ७६. कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेचे दर्शन घ्यावे, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. दिवाळीत जावयाचे ठरले. फोंड्याजवळ खोल्या स्वस्त दिसल्या, म्हणून मुलाने घाईने सगळे पैसे भरून टाकले. रद्द केल्यास काहीही परत मिळणार नव्हते. मग गाडीची तिकिटे पाहावीत, तो सगळीकडे प्रतीक्षायादी. ती शेवटपर्यंत पक्की झाली नाहीत. रात्रभर बसमध्ये बसून राहणे सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून मुलगा नातवंडांना घेऊन बसने गेला. सून सासूबाईंपाशी राहिली. "जाऊ दे गं, आईला माझा नमस्कार पोचला म्हणजे झाले," असे सासूबाई म्हणाल्या. पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. ज्यांच्यासाठी प्रवास, त्याच घरी राहिल्या! पुढच्या माघात सुनेने आरक्षण उघडण्याच्या दिवशी तिकिटे काढली, मग खोली घेतली, आणि सासूबाईंचे दर्शन झाले.

आता जरा हिशेब पाहा. समजा, सहा माणसांना दोन खोल्या तीन रात्रींसाठी हव्यात. पैसे परत न मिळणारी खोली रात्री २,१०० रुपयांना, आणि परत मिळणारी २,५०० रुपयांना आहे. पहिलीचे होतात १२,६०० रुपये, दुसरीचे १५,००० रुपये. फरक २,४०० रुपयांचा. हे २,४०० रुपये म्हणजे उधळपट्टी नव्हे. घरात वृद्ध माणूस असेल, मुलांच्या परीक्षेची तारीख लागावयाची असेल, तर १२,६०० रुपयांच्या रक्षणासाठी दिलेली ती किंमत आहे. तिकिटे हाती आली आणि सर्वांचे जाणे नक्की ठरले, की मग स्वस्त खोली खुशाल घ्यावी.

आणखी चार गोष्टी थोडक्यात सांगते.

पहिली, उतरावयाचे कोठे आणि राहावयाचे कोठे, हे एकत्र पाहावे. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाभोळी जुना, पेडण्याजवळच्या मोपा येथील नवा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. मोप्याला उतरून दक्षिणेकडे काणकोणला राहावयाचे, तर अख्खा गोवा ओलांडावा लागतो, आणि टॅक्सीचे भाडे तिकिटात वाचविलेले पैसे गिळून टाकते. नवी मुंबईच्या विमानतळावरूनही डिसेंबर २०२५ पासून विमाने सुटू लागली आहेत. तेव्हा तिकीट कोणत्या विमानतळाचे आहे, हे भाईंदरकरांनी दोनदा वाचावे.

दुसरी, तिकिटावरचे नाव ओळखपत्रावर आहे तसेच असावे. आपल्यापैकी किती तरी जणींच्या आधारकार्डावर माहेरचे नाव आणि हाकेला सासरचे. नाव घालताना कार्ड समोर ठेवावे.

तिसरी, विमानाच्या तिकिटावर 'परतावा नाही' असे लिहिलेले असले, तरी रद्द केल्यावर विमानतळाचे शुल्क व सरकारी कर परत मिळावेत, असा नियम आहे. रक्कम लहान असेल. पण ती आपली आहे, मागून घ्यावी.

चौथी, खोलीचे पैसे अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून फोनवरून पाठवू नयेत. आधी त्या जागेचा क्रमांक स्वतः शोधून तेथे बोलावे. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल, तितकी पैसे अडविण्याची आशा अधिक.

भगिनींनो, आधी तिकीट की आधी खोली, याला एकच ठराविक उत्तर नाही. जे दुर्मिळ आणि जे सोडून देता येत नाही, ते आधी. जे पुष्कळ आहे आणि परत करता येते, ते मागून. आणि या दोहोंच्याही आधी एक गोष्ट आहे. घरातले सगळ्यांत थकलेले माणूस आणि सगळ्यांत लहान मूल यांना कोणत्या दिवशी, कशाने जाणे झेपेल, हे विचारावे. बटण दाबण्याचे काम मुलगा किंवा यजमान करोत. हे विचारण्याचे काम आपण आपल्याकडे ठेवावे.