मालिकेचा शेवट आणि प्रेक्षकांचा राग



काशीमीऱ्याच्या परिसरात दूरचित्रवाणीच्या मालिकांसाठी उभारलेली घरे आहेत. त्यांच्या भिंती लाकडाच्या नि पुठ्ठ्याच्या. परंतु तशा भिंतींआड रचलेल्या कथेवर माणसे मनापासून रागावतात, हे नवल होय.

'झी मराठी'वरील 'देवमाणूस' ही मालिका घ्या. वाईत २०१६ साली उघडकीस आलेल्या हत्याकांडावरून ती सुचलेली. डॉक्टर म्हणून गावात मिरवणारा तोतया एकामागून एक जीव घेतो, हे लोकांनी ३१ ऑगस्ट २०२० पासून जवळजवळ वर्षभर पाहिले. १५ ऑगस्ट २०२१ रोजी दोन तासांचा अखेरचा भाग झाला. पण खुन्याला कायद्याने शासन झालेले काही दिसले नाही. प्रेक्षक संतापले. त्याच डिसेंबरात दुसरे पर्व सुरू झाले, तेव्हा शेवट लांबणीवर का पडला, याचा उलगडा झाला.

कोणी म्हणेल, जगात तरी प्रत्येक अपराध्यास शिक्षा कोठे होते? खरे आहे. परंतु शोकांत निराळा आणि अर्धवट निराळा. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'त सिंधूही मरते, सुधाकरही मरतो. प्रेक्षक रडतो, पण फसल्यासारखे त्याला वाटत नाही.

'देवमाणूस'च्या मागे तर खरोखरीचे मृत्यू होते. अशा कथेत न्यायाची वाट पाहावयास लावून पुढील पर्वाचा वायदा करणे, हे प्रेक्षकांना बोचले. तो राग पोरकट नव्हता. न्यायबुद्धी जागी असल्याची ती खूण होती.