पूल आला, पण माणसे राहतील का?



दिवाडी बेटाने पिढ्यान्‌पिढ्या फेरीबोटीची वाट पाहिली. त्याच बेटावरून कोकण रेल्वेचा मार्ग गेला. गाडी धडधडत जाते, पण बेटावर स्टेशन नाही. खाडीवर पूल झाला म्हणजे तो आपल्या उपयोगाचा असतोच असे नाही, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून पूल हवा की नको, एवढ्यावरच वाद घालण्यात मला रस नाही. पूल झाल्यावर बेटावर कोण राहील, काय करून पोट भरील, हे विचारायला हवे.

दूरची दोन उदाहरणे सांगतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज नावाची बेटे आहेत. वस्ती गुरे पाळणाऱ्यांची आणि मासेमारांची. त्यांतले व्हॅटरसे हे चिमुकले बेट. शेजारचे बॅरा बेट जेमतेम अडीचशे मीटरांवर. पण बाजाराला न्यायची गुरे त्या खाडीतून पोहवत न्यावी लागत. १९८६ साली बर्नी नावाचा जातिवंत बैल असाच पोहताना बुडून मेला. ज्याच्या दावणीला बैल आहे त्याला हे दुःख फोडून सांगायला नको. पुढे १९९१ मध्ये भराव घालून रस्ता झाला. त्या वर्षीच्या शिरगणतीत माणसे ७२ होती, २००१ मध्ये ९४ झाली, २०११ मध्ये ९०. मोठा आकडा नव्हे, पण ओस पडत चाललेले बेट सावरले.

दुसरे बेट स्कॅल्पे. हे मासेमारांचे. १९९७ मध्ये तिथे पक्का पूल झाला. १९९१ मध्ये तिथे ३८२ माणसे होती, २००१ मध्ये ३२२, २०११ मध्ये २९१. २०१२ मध्ये शाळाही बंद झाली. मास्तर म्हणून मला हे अधिक लागते. दोष सगळा पुलाचा नव्हे, ओहोटी आधीच लागली होती. पूल ज्या हॅरिसला जोडला गेला, तिथलीच वस्ती घटत होती. तिथे पुरेसे काम नसेल तर पूल पोराला थांबवून कसा धरील?

आपल्याकडची गोष्ट निराळी. आपल्या बेटांपलीकडे पणजी आहे, पैसा आहे. रात्री-अपरात्री अडलेल्या बाईला इस्पितळात न्यायचे तर पूल हवाच, त्यात मला शंका नाही. पण त्याच पुलावरून जमीन बघणारेही येतील. खाजनाचा एक तुकडा विकला की तेवढ्यावरच भागत नाही. बांध आणि मानस सगळ्यांनी मिळून राखायचे असतात. अर्धे मालक परगावचे झाले तर बांधाला माती कोण घालणार? एका ठिकाणी भगदाड पडले की खारे पाणी विकणाऱ्याच्याच नव्हे, शेजाऱ्याच्या भातातही शिरते.

मासेमारांनी तर आराखडाच मागून पाहावा. खांबांवरचा पूल आणि मातीचा भराव यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. भरावाने पाण्याची ओढ बदलते आणि होडीची वाट अडते. फेरीच्या धक्क्यावर मासळी विकणाऱ्या बायकांना नवी जागा कुठे, हेही आधीच लिहून घ्यावे.

आणखी एक काम पहिला खांब रोवण्यापूर्वी करा. वाड्यावाड्यांतून राहती घरे किती, कुलूप लागलेली किती, शेत कसणारे किती, होड्या किती, हे वहीत मांडा. दहा वर्षांनी तीच वही उघडून पुन्हा मोजा. सुरुवात शाळेच्या पटापासून करा. तो मागितला तर मास्तर नाही म्हणणार नाहीत.