सरळरूप द्या

शाळेत ‘सरळरूप द्या’ म्हणून गणितं यायची. दोन अधिक तीन गुणिले चार. उत्तर 14 की 20, यावर भांडण नको म्हणून आपल्याकडून ‘कंचेभागुबेव’ घोकून घेतलं गेलं. पदावली एका ओळीत लिहायची, म्हणून हा खटाटोप. तीच झाडासारखी काढा: वर अधिकचं चिन्ह, त्याच्या एका फांदीला दोन, दुसरीला गुणाकार, गुणाकाराखाली तीन आणि चार. वाद मिटला. मूळ वर आणि पानं खाली, हे गीतेतल्या अश्वत्थाची सवय असलेल्या श्रोत्यांना खटकू नये.

अशी झाडं वाचणारं यंत्र म्हणजे वृक्ष-ऑटोमॅटन. 1960च्या दशकात थॅचर आणि राइट यांनी, तसंच स्वतंत्रपणे डोनर यांनी ते मांडलं. त्याची स्मृती तोकडी, मोजक्या अवस्थांची. ‘खरं’ आणि ‘खोटं’ ही पानं, मध्ये ‘आणि’, ‘किंवा’ असं झाड घ्या. यंत्र प्रत्येक पानाला एक अवस्था देतं आणि वर सरकतं. ‘आणि’पाशी दोन्ही मुलांच्या अवस्था बघून पुढची ठरवतं. दोन अवस्थांत काम भागतं, झाड लाख पानांचं का असेना.

पण वाचायचं कुठून? ओळ डावीकडून वाचा की उजवीकडून, यंत्राची ताकद तेवढीच राहते. झाडाचं तसं नाही, आणि मला या विषयातली हीच गोष्ट सर्वांत लोभस वाटते. समजा, दोनच झाडं मान्य आहेत: डावीकडे क, उजवीकडे ख, किंवा नेमकं उलट. पानांकडून वर येणारं यंत्र दोन्ही बातम्या घेऊनच मुळाशी पोचतं. मुळापासून खाली उतरणारं, दर पायरीला एकच ठरलेली चाल असलेलं यंत्र मात्र फसतं. डाव्या फांदीवर त्याला क आणि ख दोन्ही चालवून घ्यावे लागतात, उजव्या फांदीवरही. आणि एका फांदीवर काय सापडलं ते दुसरीला कळत नाही. मग दोन्हीकडे क असलेलं झाडही बिनदिक्कत आत शिरतं.

आता सरळरूपाकडे येऊ. झाडाचा एखादा तुकडा नियमानं दुसऱ्या तुकड्यानं बदलायचा, हे पुनर्लेखन. प्रश्न दोन: हे कधी थांबेल का? आणि कुठूनही सुरुवात केली तरी शेवट एकच येईल का? थांबण्याची खात्री असेल, तर एकेका पायरीवर फुटलेल्या वाटा पुन्हा जुळतात एवढंच तपासलं की पुरतं, हे न्यूमन यांनी 1942 मध्ये सिद्ध केलं. डोनाल्ड कनूथ आणि पीटर बेंडिक्स यांनी 1970 मध्ये अशा वाटा तपासून जुळवून घेण्याची कृतीच दिली. ‘गट’ या बीजगणिती रचनेत x⁻¹·x = 1. आता (x⁻¹·x)·y घ्या. आधी कंस सोडवला तर y मिळतो; आधी कंस सरकवला तर x⁻¹·(x·y) येऊन गाडी अडते. मग x⁻¹·(x·y) → y हाच नवा नियम करायचा आणि पुढे जायचं. तीन नियमांनी सुरुवात करून दहांवर हे काम संपतं.

ही कृती नेहमीच संपेल असं नाही. आणि पुनर्लेखन थांबेल का, हा पहिला प्रश्नही सोपा नाही. डोशे यांनी 1989 मध्ये दाखवलं की नियम एकुलता एक असला, तरी तो थांबेल की नाही हे ठरवणारी सर्वसाधारण रीत अस्तित्वात नाही.

‘आता आणखी सोपं होत नाही’ अशी झाडं वृक्ष-ऑटोमॅटन ओळखू शकेल का? नियमाच्या डाव्या बाजूला प्रत्येक चल एकदाच येत असेल, तर हो. पण x − x → 0 हा पोरासोरांना येणारा नियम घातला की यंत्र हात टेकतं. वजाबाकीच्या दोन्ही बाजूंना हवी तेवढी मोठी झाडं असू शकतात आणि ती हुबेहूब सारखी आहेत का, हे मोजक्या अवस्थांत मावत नाही. बोगेर आणि तिसाँ यांनी 1992 मध्ये यंत्राला सख्ख्या भावंडांची तुलना करायची मुभा दिली. तेवढ्यानं हा नियम आवाक्यात येतो, आणि यंत्र एखादं तरी झाड स्वीकारतं का, हा प्रश्नही सोडवता येतो. दूरच्या फांद्यांची तुलना सरसकट मोकळी केली, की तोच प्रश्न सोडवणारी रीत उरत नाही.