स्वागताध्यक्षांचे भाषण : मिरज

देशभरातून आलेले डॉक्टर, संशोधक आणि विद्यार्थी मित्रहो,

मी धान्याचा व्यापारी. सूक्ष्मदर्शकाशी संबंध शाळेतच सुटला; स्टेंटशी मात्र आहे, कारण दोन माझ्याच छातीत आहेत.

मिरज हे गाव वैद्यकाचं. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली इथे रुग्णालय उभारलं, हे आपण जाणताच. मला सांगायचंय ते फरीदसाहेब शिकलगारांविषयी. घराणं हत्यारांना धार लावणारं. हत्यारांचे दिवस सरले आणि एकोणिसाव्या शतकात याच हातांनी तंबोरे घडवायला घेतले. भोपळा पंढरपूरकडचा, कारागिरी मिरजेची! गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले. 2024 साली आमच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकर गल्लीत गेल्याशिवाय कुणी गाडी पकडू नये, ही विनंती.

याचा स्टेंटवरच्या या परिषदेशी संबंध काय, असं पुढच्या रांगेतले चेहरे विचारताहेत. ओढूनताणून का होईना, आहे! स्टेंटची धातूची जाळी साध्या पात्याने कापता येत नाही म्हणे. तपासायची धमनी स्टेंटसकट प्लॅस्टिकमध्ये घट्ट बसवून, करवतीने कापून, घासत घासत पातळ करावी लागते. मग भिंगाखाली दिसतं, की जखम कशी भरली : आधी प्लेटलेट आणि फायब्रिन, मग स्नायुपेशींचा थर, वर अंतःस्तर. थर फार वाढला तर नळी पुन्हा अरुंद. औषध लावलेल्या स्टेंटवर अंतःस्तर यायला उशीर झाला तर गुठळीची भीती. आमचा कारागीरही तंबोऱ्याची जवारी काढताना तारांखालची घोडी अशीच घासतो. हात जरा जड पडला की सूर गेला!

आता उणिवा. सभागृहाचे पंखे आवाज करतात. विजेचा भरवसा नाही, म्हणून जनरेटर आणलाय. काहींची सोय दोघांत एक खोली अशी झाली. रिक्षावाल्यांना दर ठरवून दिलेत, तरी कुणी जास्त मागितले तर मला फोन करा. चहा थंड मिळाला असेल तर दोष माझा.

मंडप देणारे, तांदूळ-डाळ पाठवणारे बाजारपेठेतले व्यापारी, सूक्ष्मदर्शक उसने देणारी महाविद्यालयं, वाढायला उभे राहिलेले तरुण मंडळाचे कार्यकर्ते आणि नाव जाहीर करू नका म्हणणारे दोन देणगीदार या सर्वांचा मी ऋणी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल तर रुसू नये, जेवायला यावं. पहिली पंगत साडेबाराला बसेल.